रिपोर्ट नॉर्मल होत गेला आणि पेशंट बिघडत गेली: थायरॉईडच्या एका केसची पूर्ण हकीकत

मी लॅबच्या बाजूने या केसमध्ये होतो. पेशंटची परवानगी घेऊन लिहितोय, ओळख पटेल असे तपशील बदललेत किंवा गाळलेत, आकडे मात्र जवळपास तसेच ठेवलेत कारण सगळी गंमत त्या आकड्यांतच आहे. गंमत म्हणजे मजा नाही, ती बाई काही महिने खरंच हाल सोसत होती.

पार्श्वभूमी

वय चाळिशीच्या आसपास. हाशिमोटो थायरॉईडायटिस, म्हणजे शरीराचीच प्रतिकारशक्ती थायरॉईड ग्रंथीवर उलटते आणि ग्रंथी हळूहळू कमी काम करायला लागते. अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉईडवर उलटलेल्या अँटिबॉडीची टेस्ट, पॉझिटिव्ह. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडच्या टी४ हार्मोनची गोळी, रोज १०० मायक्रोग्रॅम, सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी. हा डोस सुमारे चार वर्षं चालू होता आणि टीएसएच कायम १.५ ते २.५ च्या मधे. वजन तेच, इतर औषध नाही, हार्टचा काही त्रास नाही. थायरॉईडच्या पेशंटमध्ये याहून साधी केस सापडणं कठीण.

ज्यांना हे आकडे नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ग्रंथी मुख्यतः टी४ बनवते, शरीर त्याचं टी३ करून वापरतं. मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी रक्तात टी४-टी३ किती आहे ते बघून टीएसएच सोडते. हार्मोन कमी पडलं की टीएसएच वाढतो, जास्त झालं की टीएसएच दबतो. टीएसएच साधारण ०.४ ते ४ मिलीयुनिट प्रति लिटर, फ्री टी४ साधारण ०.८ ते १.८ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, फ्री टी३ साधारण २.३ ते ४.२ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर, लॅबप्रमाणे थोडा फरक असतो. आणि टीएसएच फार हळवा आहे. फ्री टी४ निम्मा झाला तर टीएसएच दुप्पट होत नाही, शंभरपटीच्या आसपास जाऊ शकतो, म्हणून तर स्क्रीनिंगला आधी टीएसएचच बघतात.

सुरुवात कुठे झाली

केस गळायला लागले. थायरॉईडच्या पेशंटला केस गळाले की पहिला संशय थायरॉईडवर जातो, पण तिचा मागचा टीएसएच चांगला होता म्हणून तिने स्वतःच केसांसाठी मिळणारी एक कॅप्सूल सुरू केली. प्रिस्क्रिप्शन लागत नाही, जाहिरात सगळीकडे असते, आणि व्हिटॅमिनच तर आहे, त्यात डॉक्टरांना काय सांगायचं? असंच बहुतेकांना वाटतं आणि त्यात तिची काही चूक आहे असं मला वाटत नाही. कॅप्सूलमध्ये बायोटिन होतं १०,००० मायक्रोग्रॅम म्हणजे १० मिलिग्रॅम, शिवाय लोह आणि झिंक. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरेसं धरतात, म्हणजे ती रोज त्याच्या तीनशेपटीहून जास्त घेत होती. आणि विसरायला नको म्हणून ती कॅप्सूल सकाळी थायरॉईडच्या गोळीबरोबरच घ्यायची.

दोन महिन्यांनी नेहमीची तपासणी झाली. टीएसएच ०.१२, फ्री टी४ २.५, फ्री टी३ ५.९. कागदावर सरळ सरळ हार्मोन जास्त झालेलं.

पहिला निर्णय: डोस कमी

तिच्या डॉक्टरांनी १०० चे ७५ केले आणि सहा आठवड्यांनी परत टेस्ट सांगितली. हा निर्णय मला बेजबाबदार वाटत नाही. टीएसएच दबलेला ठेवणं चांगलं नाही, दीर्घकाळ तसं राहिलं तर हाडं ठिसूळ होतात, हृदयाचे ठोके अनियमित होण्याची शक्यता वाढते. सहा आठवडे थांबायचं ठरवलं तेही बरोबर, कारण टी४ चा हाफ लाइफ, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ, सुमारे सात दिवस असतो आणि डोस बदलल्यावर पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे लागतात, दोन आठवड्यांत टेस्ट करून परत डोस बदलणं म्हणजे हलत्या निशाण्यावर नेम धरणं.

तरी या पहिल्या रिपोर्टमध्ये थांबून बघण्यासारख्या दोन गोष्टी होत्या. पहिली, चार वर्षं एकाच डोसवर स्थिर असलेली बाई अचानक ओव्हरडोस का झाली? याची कारणं असतात: वजन बरंच कमी होणं, गोळ्या चुकून जास्त घेणं, ब्रँड बदलणं, इस्ट्रोजेनच्या गोळ्या बंद होणं, क्वचित हाशिमोटोच्या पेशंटला ग्रेव्हज (प्रतिकारशक्तीमुळे ग्रंथी जास्त हार्मोन बनवते तो आजार) सुरू होणं. तिच्याकडे यातलं कुठलंच कारण दिसत नव्हतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. फक्त लेव्होथायरॉक्सिनवर असलेल्या माणसाचा फ्री टी३ सहसा रेंजच्या खालच्या किंवा मधल्या भागात असतो, कारण बाहेरून आपण फक्त टी४ देतोय. तो थेट ५.९ येणं म्हणजे डोस जरा जास्त होण्यापलीकडचं काहीतरी चाललंय. आणि तिला धडधड नव्हती, हात थरथरत नव्हते, झोप व्यवस्थित होती, पल्स ६८. उलट ती म्हणत होती की थोडं थकायला होतंय.

प्रॉब्लेम कसा वाढत गेला

७५ वर सहा आठवड्यांनी: टीएसएच ०.३५, फ्री टी४ २.१. अजून जास्तच दिसतोय पण दिशा बरोबर, म्हणून डोस ५० केला. त्यानंतरच्या दोन महिन्यांनी: टीएसएच १.४, फ्री टी४ १.६, फ्री टी३ ३.८. सगळं रेंजमध्ये. कुठेही लाल अक्षर नाही, स्टार नाही.

आणि या काळात ती बाई कशी होती? वजन पाच किलो वाढलेलं, बद्धकोष्ठता, सकाळी चेहरा आणि पापण्या सुजलेल्या, सतत थंडी, पाळीत रक्तस्राव जास्त, आवाज घोगरा, जिना चढताना मांड्या जड, आणि सगळ्यात जास्त तिला छळत होतं ते म्हणजे डोकं चालेना, बोलताना शब्द आठवेनात, ऑफिसमध्ये साधे मेल लिहायला वेळ लागायला लागला. केस तर आधीपेक्षा जास्त गळायला लागले त्यामुळे कॅप्सूल अजून इमानेइतबारे चालू.

घरच्यांना तिने रिपोर्ट दाखवला की ते म्हणायचे अगं सगळं नॉर्मल आहे, तू टेन्शन घेतेस. एकाने मेनोपॉज जवळ आला असेल सांगितलं, एकाने डिप्रेशनच्या डॉक्टरांकडे जा म्हणून सुचवलं. हे लिहिताना मला अजूनही वाईट वाटतं. एखादी व्यक्ती स्वतःच्या शरीराबद्दल सांगतेय आणि समोरचा कागदावरचा आकडा दाखवून तिलाच खोटं ठरवतोय, हा अनुभव थायरॉईडच्या खूप पेशंटना येतो. कधी कधी त्रासाचं कारण खरंच थायरॉईड नसतं, हेही खरंय. पण मग दुसरं कारण शोधायला हवं ना, टेन्शन हे शोधून झाल्यावरचं उत्तर असू शकतं, शोधायच्या आधीचं नाही.

वळण आलं ते वेगळ्याच टेस्टमधून

डॉक्टरांचं कौतुक करायला हवं, ते तिसऱ्या रिपोर्टवर समाधान मानून बसले नाहीत. त्यांनी तिला नीट तपासलं. पल्स ५६. कातडी कोरडी. घोट्याचा रिफ्लेक्स तपासला तर पाय उडतो पण परत जागेवर सावकाश येतो, ही हायपोथायरॉईडची, म्हणजे हार्मोन कमी पडल्याची, जुनी ओळखीची खूण आहे, हातोडी सोडून काही लागत नाही. मग त्यांनी लिपिड, सीपीके, सोडियम अशा साध्या टेस्ट पाठवल्या. एलडीएल कोलेस्ट्रॉल आधीच्या वर्षी ११० होतं ते १८४ झालेलं. सीपीके, म्हणजे स्नायूंचं एन्झाइम, रेंजच्या दुपटीहून जास्त.

थायरॉईड हार्मोन कमी पडलं की यकृत एलडीएल नीट उचलत नाही आणि सीपीके वाढतं. म्हणजे आता तीन साक्षीदार, शरीर, कोलेस्ट्रॉल आणि सीपीके, म्हणत होते हार्मोन कमी आहे, आणि थायरॉईड प्रोफाइल एकटं म्हणत होतं सगळं छान आहे. त्यांनी लॅबला फोन केला आणि तो फोन माझ्याकडे आला. म्हणाले, "सॅम्पलची अदलाबदल तर झाली नाही ना?"

कोणकोणते पर्याय होते

सॅम्पल बदललं असण्याची शंका मी आधी तपासली, बारकोड बरोबर होता, आणि तीन रिपोर्टचा क्रम एकमेकांशी जुळत होता, त्यामुळे ती शक्यता संपली.

दुसरा विचार सेंट्रल हायपोथायरॉईडचा, म्हणजे पिट्युटरीच बिघडली तर टीएसएच वाढत नाही. पण मग फ्री टी४ कमी हवा होता, तो १.६ कसा?

तिसरा पर्याय, डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून लक्षणांवर डोस वाढवायचा. मी म्हटलं थोडं थांबा, अंदाजाने वाढवला आणि आपलाच समज चुकीचा निघाला तर पुन्हा सगळं धूसर होईल, आणि हे एक-दोन दिवसांत सुटण्यासारखं आहे.

चौथा, टेस्टमध्येच अडथळा. यात दोन मुख्य प्रकार येतात. काही लोकांच्या रक्तात हेटेरोफाइल अँटिबॉडी असतात, त्या किटमधल्या अँटिबॉडीला चिकटून आकडा बिघडवतात. आणि दुसरं बायोटिन. आमच्या मशीनचं किट स्ट्रेप्टाव्हिडिन-बायोटिन पद्धतीचं होतं, त्यामुळे मी पहिला प्रश्न विचारला की पेशंट काही सप्लिमेंट घेते का. फाइलमध्ये काहीच लिहिलेलं नव्हतं. मग डॉक्टरांनी तिला कॉन्फरन्सवर घेतलं.

मी विचारलं, "ताई, थायरॉईडच्या गोळीशिवाय अजून काही घेता का? व्हिटॅमिन, केसांसाठी, नखांसाठी, काहीही?"

"औषध नाही हो काही. केसांची एक कॅप्सूल आहे फक्त."

"सॅम्पल दिलं त्या दिवशी घेतली होती?"

"हो, सकाळी गोळीबरोबरच घेते रोज."

बायोटिन नेमकं काय करतं

हे समजून घ्या कारण याशिवाय पुढचं कळणार नाही. टीएसएच मोजताना दोन अँटिबॉडी टीएसएचला दोन बाजूंनी पकडतात, एकीवर चमकणारा टॅग असतो आणि दुसरीवर बायोटिन. हे बायोटिन स्ट्रेप्टाव्हिडिन लावलेल्या बारीक कणांना घट्ट चिकटतं, बाकीचं धुऊन जातं, आणि जेवढी चमक शिल्लक तेवढा टीएसएच. आता पेशंटच्या रक्तातच भरपूर बायोटिन असेल तर ते आधीच कणांवरच्या जागा अडवून बसतं, पकडलेला टीएसएच टॅगसकट धुऊन जातो, चमक कमी, टीएसएच खोटा कमी.

फ्री टी४ आणि फ्री टी३ ची टेस्ट उलट्या तत्त्वावर चालते. तिथे पेशंटचं हार्मोन आणि किटमधलं टॅग लावलेलं हार्मोन यांची स्पर्धा असते, पेशंटचं हार्मोन जास्त तर चमक कमी. त्यामुळे बायोटिनने चमक कमी केली की मशीन समजतं हार्मोन जास्त आहे. एकाच कारणाने टीएसएच खोटा खाली आणि टी४-टी३ खोटे वर, म्हणजे रिपोर्ट अगदी खऱ्या हायपरथायरॉईडसारखा (हार्मोन जास्त झाल्यासारखा) दिसतो, एकमेकांशी सुसंगत. ग्रेव्हजसाठी जी रिसेप्टर अँटिबॉडीची टेस्ट करतात तीही काही किटमध्ये याच पद्धतीने खोटी पॉझिटिव्ह येते. ती करून बघितली असती तर कदाचित ग्रेव्हजचा शिक्का बसून थायरॉईड दाबणारं औषध सुरू झालं असतं, आधीच हार्मोन कमी असलेल्या बाईला. विचार करूनच अंगावर काटा येतो.

आणि हिच्या केसमध्ये दुसरा घाव त्याच कॅप्सूलमधल्या लोहाचा. लोह आणि कॅल्शियम लेव्होथायरॉक्सिनला आतड्यातच बांधून ठेवतात, शोषलंच जात नाही, म्हणून त्यांच्यात चार तासांचं अंतर ठेवायला सांगतात. म्हणजे कॅप्सूल एका बाजूने हार्मोन खरोखर कमी करत होती आणि दुसऱ्या बाजूने रिपोर्टमध्ये ते जास्त दाखवत होती. डोस जसा कमी केला तसा खरा टीएसएच वाढत गेला, आणि त्याचा जो थोडासा भाग मशीनला दिसत होता तोही वाढत वाढत नेमका नॉर्मल रेंजमध्ये येऊन बसला. १.४ हा आकडा म्हणून जास्त धोकादायक होता, कारण ०.१२ बघून निदान कुणीतरी प्रश्न तरी विचारतं.

काय केलं

शेवटच्या तपासणीचं उरलेलं सिरम आमच्या फ्रिजमध्ये शिल्लक होतं. ते बायोटिन न वापरणाऱ्या दुसऱ्या पद्धतीच्या मशीनवर चालवून घेतलं. त्याच रक्तात टीएसएच २३.६ आणि फ्री टी४ ०.६ आला. ट्यूब तीच, सकाळ तीच, एका मशीनवर १.४ आणि दुसऱ्यावर २३.६.

तरी फक्त यावर न थांबता तिला कॅप्सूल पूर्ण बंद करायला सांगितली आणि तीन दिवसांनी आमच्याच मशीनवर नवीन सॅम्पल घेतलं. अमेरिकन थायरॉईड असोसिएशन टेस्टच्या किमान दोन दिवस आधी बायोटिन थांबवायला सांगते, आम्ही एक दिवस जास्त धरला. डोस खूप मोठा असेल किंवा किडनी कमजोर असेल तर अजून जास्त थांबावं लागतं. नवीन सॅम्पल सकाळी, गोळी घेण्याआधी घेतलं, कारण लेव्होथायरॉक्सिन घेतल्यावर काही तास फ्री टी४ थोडा वर जातो. टीएसएच २४.१. शंकेला जागा उरली नाही.

मग डोसचा प्रश्न. डॉक्टरांनी थेट जुना १०० परत सुरू केला. वय कमी, हार्ट चांगलं, आणि याच डोसवर ती चार वर्षं ठीक होती, म्हणून सावकाश चढवायची गरज वाटली नाही. वयस्कर माणूस असता किंवा अँजायनाचा (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखण्याचा) त्रास असता तर त्यांनी २५-२५ ने वाढवला असता.

पुढे काय झालं

पहिल्या दोन आठवड्यांत फार फरक नाही, याची तिला आधीच कल्पना दिली होती. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सूज उतरली, पोट साफ व्हायला लागलं. आठ आठवड्यांनी टीएसएच ३.१, अजून दोन महिन्यांनी २.२. एलडीएल १२० च्या खाली आलं, त्यासाठी वेगळी गोळी लागली नाही, हे मुद्दाम सांगतो कारण थायरॉईड न बघता कोलेस्ट्रॉलची गोळी सुरू झाली असती तर स्नायूंचं दुखणं अजून वाढू शकलं असतं. डोकं पूर्ण चालायला लागायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

केसांचं काय? फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी टेस्ट, तपासलं तर ते कमी निघालं. म्हणजे लोहाची गरज खरीच होती, पण बायोटिनची कमतरता निरोगी माणसात क्वचितच असते. आता लोहाची गोळी वेगळी, दुपारी. केस गळणं थांबायला बरेच महिने गेले.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या रिपोर्टच्या वेळी डोस बदलण्याआधी एकच प्रश्न, औषध सोडून तुम्ही अजून काय काय घेता, हा विचारला असता तर बहुतेक सगळं तिथेच थांबलं असतं. "औषधं कोणती चालू आहेत" असं विचारलं तर लोक सप्लिमेंट सांगत नाहीत, तिनेही सांगितली नाही. नावं घेऊन विचारावं लागतं: केस, नखं, स्किन, हाडं, प्रोटीन पावडर.

दुसऱ्या रिपोर्टपर्यंत तिला थंडी आणि बद्धकोष्ठता सुरू झाली होती. डोस परत कमी करण्याआधी कोणीतरी पल्स आणि रिफ्लेक्स बघायला हवं होतं. लक्षणं आणि रिपोर्ट विरुद्ध दिशेला जात असतील तर तिथे डोस बदलायचा नाही, टेस्ट परत करायची, शक्यतो दुसऱ्या पद्धतीने. हे माझं ठाम मत आहे.

लॅबच्या बाजूनेही बरंच करण्यासारखं होतं. सॅम्पल घेताना उपाशी आहात का एवढंच विचारलं जायचं. आता फॉर्मवर बायोटिनची ओळ आहे आणि सॅम्पल घेणारा तोंडी विचारतो. अनेक कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत किट सुधारलेत, बायोटिन जास्त असलं तरी ते बऱ्यापैकी टिकतात, पण तुमच्या लॅबमध्ये कुठलं किट आहे हे तुम्हाला बाहेरून कळत नाही, त्यामुळे लॅबला विचारा, विचारायला काही हरकत नाही. साध्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये ३०-४० मायक्रोग्रॅम असतं त्याने सहसा काही बिघडत नाही, लेबलवर ५,००० किंवा १०,००० दिसलं की सावध व्हायचं. आणि लेबल मिलिग्रॅममध्ये असेल तर ५ किंवा १० हा आकडा छोटा वाटतो, फसू नका.

हा अडथळा फक्त थायरॉईडपुरता नाही. हार्ट अटॅकसाठी जी ट्रोपोनिन टेस्ट करतात ती काही किटमध्ये बायोटिनमुळे खोटी कमी येते, अमेरिकेच्या एफडीएने नोव्हेंबर २०१७ मध्ये यावर जाहीर इशारा दिला होता, त्यात अशा खोट्या कमी रिपोर्टनंतर झालेल्या एका मृत्यूचा उल्लेख आहे. थायरॉईडची टेस्ट दोन दिवस पुढे ढकलता येते, छातीत दुखत असताना ढकलता येत नाही, म्हणून जास्त डोसचं बायोटिन घेत असाल तर इमर्जन्सीत पहिल्याच माणसाला सांगा, आणि घरातल्या कुणाला तरी हे माहीत असू द्या, कारण त्या वेळी तुम्ही बोलण्याच्या अवस्थेत असालच असं नाही.